वलगणीचे मासे येतात कुठून?

गेल्या आठवड्यात वलगणीचा व्हिडिओ टाकला होता. गोणीभर मासे, सगळे गाबोळीचे, आणि गुडघाभर पाण्यात नाचणारी पोरं. त्याखाली तुम्ही जे भांडलात ते सगळं वाचलं. एक गट म्हणत होता, वर्षातून दोन दिवस मिळतात, तेही बंद करा आता. दुसरा म्हणत होता, अंड्यावरचा मासा मारता, लाज वाटत नाही का. तिसरा नेहमीप्रमाणे महापालिकेला शिव्या घालत होता, त्यांना मी समजू शकतो. दोनशेच्या वर कमेंट झाल्या आणि त्यात कामाचा प्रश्न एकच निघाला. तोही कमेंटमध्ये नव्हता. पारोळच्या पुढच्या एका पाड्यावरचे काका आहेत, माझ्या बातम्यांचे जुने वाचक. त्यांनी रात्री फोन केला.

"भाऊ, बंद करा नि चालू ठेवा, ते नंतर. मला सांग, हे मासे येतात कुठून? नि नंतर जातात कुठं?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही साठ वर्षं धरताय, तुम्हालाच माहीत."

"मला माझ्या शेतातलं माहीत. वरचं-खालचं तू सांग. तू लिवतोस ना?"

टोमणा बरोबर बसला, कारण या विषयावर मी एकदा तोंडावर आपटलेलो आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका दैनिकात मी वलगणीवर चौकट लिहिली होती. त्यात ठोकून दिलं होतं की पहिल्या पावसात समुद्रातले मासे अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतात, त्याला वलगण म्हणतात. वाचायला छान वाटतं. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने कार्यालयात येऊन विचारलं, "मरळ समुद्रात कधी पाहिली हो तुम्ही?" पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात की बातमीत ‘कुठे’ पाहिजे. मी तेच चुकवलं होतं.

तर जे ठाऊक आहे ते आधी. वलगणीला आपल्या शेतात चढणारे बहुतेक मासे, म्हणजे मरळ, शिंगटी, मळ्या आणि बाकीचे बारके, गोड्या पाण्यातलेच. उन्हाळाभर ते नदीच्या आणि ओढ्याच्या डोहात दम धरून असतात. पहिला जोराचा पाऊस झाला, गढूळ कोमट पाणी शेतांतून ओढ्यात आलं, की त्या पाण्याच्या उलट दिशेने वर सरकतात आणि भरलेल्या भातखाचरांत, उथळ गवतात अंडी टाकतात. तिथे पिल्लांना खायला मिळतं आणि मोठे मासे कमी असतात. पाणी ओसरलं की परत डोहात. यांच्या आयुष्यात समुद्र येतच नाही.

पण सगळ्यांचं असं नाही. अहिर घ्या. गोड्या पाण्यातली ती लांबलचक, सापासारखी. काही पाड्यांवर तिलाही वामच म्हणतात. तिचं गणित पूर्ण उलटं. ती जन्मते समुद्रात, काचेसारखं पारदर्शक पिल्लू होऊन किनाऱ्याला लागते, नदी चढते, कित्येक वर्षं डोहात काढते आणि शेवटी एकदाच अंडी घालायला समुद्रात जाते. परत येत नाही. आणि तिसरा पाला, ज्याला बंगाली लोक इलिश म्हणतात. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत शिरतो. म्हणजे माझी जुनी चौकट पाल्याला लागू होती, मरळीला नव्हती.

एकाच नदीत तीन प्रकारचे प्रवासी. एक गल्लीतल्या गल्लीत फिरणारा, एक गावाहून मुंबईला जाणारा, एक मुंबईहून गावाला येणारा. कोणता मासा कोणत्या वाटेने गेला हे कळायचं कसं? माशाच्या मागे बातमीदार लावता येत नाही.

इथे एक गोष्ट आहे जी आपल्यापैकी प्रत्येकाच्या दाताखाली कधी ना कधी आली आहे. ढोम्याचं डोकं खाताना दोन पांढरे कडक खडे निघतात ना? लहानपणी आई ते ताटाच्या कडेला काढून ठेवायची आणि आम्ही भावंडं त्यासाठी भांडायचो. घोळीच्या डोक्यातले तर चांगले मोठे असतात. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ते दात आहेत किंवा हाडाचा तुकडा. ते माशाच्या कानातले खडे आहेत. माशाला बाहेरून कान दिसत नाही, पण कवटीच्या आत असतो आणि त्यात अशा खड्यांच्या तीन जोड्या असतात. तोल सांभाळायला आणि ऐकायला त्यांचा उपयोग. ढोमा, घोळ यांच्या कुळात ते मोठे, मळ्यासारख्या माशात साखरेच्या दाण्यापेक्षाही लहान.

हा खडा चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो मासा जन्मायच्या सुमारास बनायला लागतो आणि मरेपर्यंत वाढत राहतो. कांद्यासारखा, थरावर थर. झाडाच्या खोडात वर्षाचं वलय दिसतं तसं यातही दिसतं, आणि लहान माशात तर रोजचं वलय दिसतं. जॉर्जो पानेला नावाच्या संशोधकाने १९७१ साली हे दाखवून दिलं. आपलं हाड झिजतं, भरतं, उपासमार झाली तर शरीर हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं. कानातल्या खड्याचं तसं होत नाही. एकदा बसलेला थर शरीर परत घेत नाही. लिहिलं ते लिहिलं. आमच्या धंद्यात अशी वही असती तर माझी ती चौकट आजही जगाला दिसली असती.

आता खरी गंमत. थर बसताना त्यात कॅल्शियमबरोबर आजूबाजूच्या पाण्यातले इतर धातूही थोडे थोडे अडकतात. त्यात महत्त्वाचा स्ट्रॉन्शियम. समुद्राच्या एका लिटर पाण्यात तो साधारण आठ मिलिग्रॅम असतो. नदीच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी त्याच्या कित्येक पट कमी. बेरियमचं उलट, तो नदीकडे जास्त आणि समुद्राकडे कमी. त्यामुळे मासा खाऱ्या पाण्यात असताना बसलेला थर आणि गोड्या पाण्यात असताना बसलेला थर वेगळे ओळखता येतात. प्रयोगशाळेत खडा मधोमध कापतात, घासून आरशासारखा करतात आणि केसाइतक्या बारीक लेसरने मधल्या ठिपक्यापासून कडेपर्यंत रेघ मारतात. रेघेतून उडालेली धूळ यंत्रात जाते आणि कुठल्या थरात काय किती ते कागदावर येतं. मधला ठिपका म्हणजे जन्म. कड म्हणजे तो जाळ्यात सापडला तो दिवस. मधे सगळा प्रवास.

स्ट्रॉन्शियमची आणखी एक खूण आहे. त्याचे हलके-जड प्रकार असतात आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण खडकावर अवलंबून असतं. जगातल्या सगळ्या समुद्रात ते जवळपास सारखं, ०.७०९२. नदीत मात्र जसा खडक तसं प्रमाण. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात ते समुद्रापेक्षा कमी, हिमालयाकडच्या जुन्या खडकांतून येणाऱ्या गंगेत बरंच जास्त.

हे परदेशी लोकांचं खूळ आहे असं वाटत असेल तर पाल्याचं उदाहरण घ्या. डेव्हिड मिल्टन आणि सायमन चेनरी या दोघांनी बांगलादेश आणि आसपासच्या इलिशच्या कानातले खडे अशाच रेघा मारून वाचले आणि २००३ साली ते प्रसिद्ध केलं. मासा कधी खाऱ्यात होता, कधी गोड्यात, हे माशाच्याच डोक्यातून निघालं. इलिशचं महत्त्व तिकडे इतकं की बांगलादेशात पंचवीस सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश पकडायला बंदी असते आणि ऑक्टोबरच्या सुमारास अंड्यावरच्या माशासाठी बावीस दिवस नदी बंद असते. भारताच्या बाजूला काय झालं तेही ऐका. १९७५ साली गंगेवर फरक्का बंधारा सुरू झाला. त्याआधी इलिश समुद्रातून पार अलाहाबादच्याही वर जायचा. बंधाऱ्यानंतर वरच्या भागातली इलिशची मासेमारी जवळजवळ संपली. आपल्या शेजारच्या नर्मदेत, भरूचच्या खाडीतही धरणांमुळे गोडं पाणी कमी झालं आणि तिथल्या मच्छीमारांचा पाला घटला. आता तिथेच भाडभूतला खाडीच्या तोंडावर बंधारा होतोय म्हणून ते रस्त्यावर आले होते.

अॅमेझॉनमध्ये दोराडो नावाचा मोठा शिंगाळ्यासारखा मासा आहे. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी जन्म, पाण्याबरोबर वाहत थेट नदीच्या मुखाजवळ बालपण, आणि मोठा झाल्यावर परत पायथ्याशी. जाऊन-येऊन अकरा हजार किलोमीटरच्या वर. गोड्या पाण्यातल्या माशाचा इतका मोठा प्रवास दुसरा नाही. मोठे झालेले मासे जिथे जन्मले त्याच खोऱ्यात परततात, हे मदेईरा नदीच्या बाबतीत कानातल्या खड्यातल्या स्ट्रॉन्शियमवरूनच कळलं. ते छापून आलं २०१६ साली. तोपर्यंत त्या नदीवर दोन मोठी धरणं उभी राहून वीज द्यायला लागली होती.

याच क्रमाची मला भीती वाटते. आधी भिंत, मग माहिती.

आपल्या वैतरणेकडे या. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम, अर्नाळा-दातिवऱ्याला समुद्र. तानसा, सूर्या, पिंजाळ, देहरजी, गारगाई या सगळ्या तिच्याच लेकी. तानसा धरण १८९२ चं. मग मोडकसागर १९५७, उर्ध्व वैतरणा १९७३, मध्य वैतरणा २०१४, ज्याची उंची शंभर मीटरच्या वर आहे. सूर्येवर धामणी आणि कवडास. मुंबईने आमचं पाणी पळवलं, ही ओरड मी स्वतः पंचवीस वर्षं बातम्यांतून केलेली आहे आणि त्यात खोटं काही नाही. आता मुंबई महापालिकेचा गारगाई प्रकल्प पुढे सरकतोय, वाडा तालुक्यात, रोज ४४० दशलक्ष लिटरसाठी. त्याच्या मागे पिंजाळ रांगेत आहेच.

पण प्रामाणिकपणे बोलायचं तर एक बोट तिकडे दाखवताना बाकीची आपल्याकडे वळतात. सूर्या योजनेतून वसई-विरारला १८५ दशलक्ष लिटर मंजूर झालं तेव्हा मीच पहिल्या पानावर आनंदाची बातमी केली होती. विक्रमगडच्या देहरजी धरणाचं पाणीही आपल्याच वाट्याला यायचं आहे आणि ते लवकर यावं म्हणून मोर्चात मीही चाललो आहे. माझ्या सोसायटीत उन्हाळ्यात आठवड्याला तीन टँकर येतात. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला अहिर नावाच्या माशासाठी धरण थांबवू या, असं सांगायची माझी हिंमत नाही, आणि मी तसं म्हणतही नाहीये.

माझं म्हणणं लहान आहे. भिंत घालायच्या आधी नदीतल्या माशांची वही उघडून बघा. धरणाच्या पर्यावरण अहवालात माशांच्या नावांची यादी असते. यादीवरून प्रवास कळत नाही. ‘अमुक जात आढळली’ म्हणजे ती तिथे राहते, की वर जाताना सापडली, की समुद्राकडे निघाली होती? तिन्हींचा अर्थ वेगळा. मरळीला धरणाने फारसा फरक पडणार नाही, जलाशयातही ती जगेल. अहिरीला पडेल. तिची पिल्लं ओल्या दगडावरून वर सरपटतात हे खरं, पण मोठी झाल्यावर खाली उतरायचं असतं ते टर्बाइनमधून आणि पाइपातून. आणि समजा खडे वाचून असं निघालं की आपल्या नदीतल्या अहिरी मुखाशीच राहतात, वर जातच नाहीत? तेही होऊ शकतं. जपान आणि युरोपच्या समुद्रात पकडलेल्या अशा काही माशांचे खडे १९९८ साली तपासले, तर त्यात गोड्या पाण्याचा थरच नव्हता. नाव गोड्या पाण्याचा मासा, आणि नदी आयुष्यात पाहिलेली नाही! मग आपली काळजी धरणापेक्षा खाडीची असायला हवी, म्हणजे रेती उपशाची, सक्शन पंपांची आणि आपल्या औद्योगिक वसाहतींतून जे काही नाल्यात सुटतं त्याची.

खड्यात तेही थोडं दिसतं, बरं का. पाण्यातला प्राणवायू संपला की मँगनीज सुटं होतं आणि ते थरात येतं. बाल्टिक समुद्रातल्या कॉड माशाचे खडे असे वाचले आहेत, आणि त्यात अश्मयुगातल्या माणसांनी खाऊन टाकलेल्या माशांचे खडेसुद्धा होते. हजारो वर्षांपूर्वी ताटाच्या कडेला काढून ठेवलेले. सोपाऱ्याच्या मातीत आपल्या पूर्वजांच्या ताटाच्या कडेचे किती पडले असतील, हा विचार मला आल्यावाचून राहिला नाही.

यात अडचणीही आहेत, नाहीतर कोणी कमेंटमध्ये मला शास्त्रज्ञ करून टाकेल. खडा काढायला मासा मेलेला लागतो. पाण्याचे नमुने आधी वेगवेगळ्या जागी, पावसात आणि उन्हाळ्यात घ्यावे लागतात, नाहीतर खड्यातला आकडा कशाशी जुळवायचा? आणि आपलं सगळं खोरं एकाच काळ्या दगडाचं. त्यामुळे खारं की गोडं ते खडा छान सांगेल, पण मासा पिंजाळचा की देहरजीचा हे अॅमेझॉनसारखं सहज सांगणार नाही. तरी खारं की गोडं, एवढ्यानेही निम्मा प्रश्न सुटतो. त्यासाठी फार लांबही जायला नको. वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, विरार लोकलने अंधेरीला उतरून गाठता येईल इतकी जवळ. मासे तर रोज बाजारात मरतच आहेत. डोकी आपण टाकून देतो.

परवा होळी बाजारात गेलो. नेहमीच्या मावशींकडून ढोमे घेतले आणि म्हटलं, डोकी पण द्या, खडे काढायचेत. मावशी म्हणाल्या, "बातम्या संपल्या वाटतं तुझ्या." मग हातातली सुरी घेऊन त्यांनीच दोन झटक्यात चार खडे काढून दिले. मी अर्धं डोकं कुस्करून एक काढला असता. घरी मुलाच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पॉलिश पेपरवर घासून घासून पाहिला. एक तुटला. दुसऱ्यात वलयं दिसली, पुसट, एकात एक. मोजायचा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी आकडा वेगळा आला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या निवडणुकीच्या गर्दीच्या आकड्यासारखं."

आता वलगणीच्या भांडणाबद्दल, कारण उत्तर दिलं नाही तर तुम्ही सोडणार नाही. समुद्रात जून-जुलैचे दोन महिने यांत्रिक बोटींना बंदी असते, ती अंड्यावरच्या माशासाठीच. तीच तारीख उचलून ओढ्याला लावा असं मी म्हणणार नाही, कारण ओढ्यातला मासा वेगळा, त्याची वाट वेगळी, आणि त्याला धरणारा माणूस बोटीचा मालक नाही. घरच्या कालवणापुरते पागाने मासे आणणाऱ्या काकांना मी काही बोलणार नाही. त्यांच्याकडचं कालवण मी खाल्लेलं आहे. पण ओढ्याचं अख्खं तोंड जाळ्याने बांधायचं, करंट सोडायचा, ब्लीचिंग पावडर टाकायची आणि गोण्या भरून हायवेवर विकायच्या, याला परंपरा म्हणू नका. त्या व्हिडिओतली गोणी त्यातली होती, हे मला नंतर कळलं. तो व्हिडिओ मी कौतुकाने टाकला होता. चूक झाली, काढून टाकला आहे.

आणि एक गोष्ट आत्ता, याच आठवड्यात करता येईल, तिला कुठल्या प्रयोगशाळेची गरज नाही. आपल्या पूर्व पट्ट्यात ओढ्यांवर जे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांच्या फळ्या पावसाआधी काढायच्या असतात. काही ठिकाणी त्या जून सरला तरी तशाच असतात. फळी असेल तर मासा खालीच अडकतो, आणि अडकलेल्या माशांच्या ढिगावरच गोणीवाले येतात. तुमच्या गावच्या बंधाऱ्याच्या फळ्या निघाल्या आहेत का ते बघा, नसतील तर ग्रामपंचायतीला सांगा, आणि फोटो मला पाठवा. बंधाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. तेवढं मी छापू शकतो.

काकांना हे सगळं फोनवर सांगितलं, अर्ध्या तासात. स्ट्रॉन्शियम शब्द त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे मासा सगळं डोक्यात ठेवतो."

"हो."

"नि आपण डोकं मांजराला टाकतो."

काल त्यांनी नातवाबरोबर एक आगपेटी पाठवली. आत कापसात ठेवलेले दोन खडे, तांदळाच्या कणीपेक्षा लहान, आणि वहीच्या कागदावर नातवाच्या अक्षरात: अहिर, तानसा नदी, पुलाच्या खालचा डोह. तारीखही घातली आहे.